येशूचें पुनरुत्थान आणि आपलें माप

(सत्यशोधक मंडळींच्या सभेंतील भाषण)



आजचा विषय ऐकून कित्येकांना नवल वाटलें असेल. कांद्याचा भाव, सोसायटीचें कर्ज, पोरांच्या फिया हें सारें सोडून दोन हजार वर्षांपूर्वीं यहुदी मुलखांत एक मेलेला माणूस उठला कीं नाहीं, याचा काथ्याकूट येथें कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु हा विषय आपल्या उंबऱ्याबाहेरचा नाहीं. अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, १८३१ सालीं अमेरिकन मिशन आलें. त्या जिल्ह्यांत पुढें जीं महार-मांग कुटुंबें ख्रिस्ती झालीं, तीं आपल्याच रक्तामांसाचीं आहेत. वसईकडे बागाईत करणारे ख्रिस्ती तर पोर्तुगीज अमलापासूनचे. हे लोक दरसाल पुनरुत्थानाचा सण पाळतात आणि त्या निमित्तानें आळींत वाद निघतो. एक म्हणतो, "मेलेलें माणूस कधीं उठतें काय? साऱ्या थापा." दुसरा म्हणतो, "शास्त्रांत लिहिलें आहे, पाहणारे साक्षीदार आहेत." आणि अलीकडे एक तिसराच निघाला आहे. तो ख्रिस्ती शेजाऱ्याची थट्टा करतांना मोठा चिकित्सक होतो आणि घरीं येऊन कोणा बाबाच्या पायाचें तीर्थ घेतो. हें भाषण मुख्यतः या तिसऱ्यासाठीं आहे.

पूर्वीं सावकाराच्या घरीं दोन पायल्या असत. धान्य घेतांना मोठी, देतांना लहान. आपले वाडवडील त्या दोन मापांनीं नागवले. धर्माच्या गोष्टींत आपणही तेंच करूं लागलों, तर सावकाराला नांव ठेवण्यास आपल्याला तोंड उरणार नाहीं. म्हणून आज एकच माप हातीं धरून आम्ही ही गोष्ट मोजणार आहों, आणि तेंच माप मग आपल्या घरांतल्या गोष्टींनाही लावणार आहों.

प्रथम गोष्ट काय ती पाहूं. नासरेथचा येशू हा हातावर पोट असलेला माणूस. मार्काच्या शुभवर्तमानांत त्याला सुतार म्हटलें आहे. त्याचे पहिले सोबती गालीलच्या तळ्यावरचे कोळी. पंतय पिलात हा इ. स. २६ ते ३६ पर्यंत यहुदीयाचा रोमन सुभेदार होता. त्यानें येशूला वधस्तंभावर खिळून मारलें. ही शिक्षा गुलाम, बंडखोर आणि हलक्या मानलेल्या लोकांसाठीं असे. रोमचा नागरिक बहुधा तींतून सुटे. पिलाताचें नांव कोरलेला दगड १९६१ सालीं कैसरिया येथें सांपडला. टॅसिटस या रोमन इतिहासकारानें इ. स. ११६ च्या सुमारास या देहदंडाचा उल्लेख केला आहे, आणि त्याला ख्रिस्ती लोकांचें प्रेम मुळींच नव्हतें. तेव्हां असा माणूस होता आणि तो मारला गेला, एवढें बहुतेक सर्व इतिहासकार, त्यांतले देव न मानणारे सुद्धां, कबूल करतात. पुढची गोष्ट अशी: शुक्रवारीं प्रेत खडकांत खोदलेल्या थडग्यांत ठेवलें, रविवारीं पहाटे बायका गेल्या तों थडगें रिकामें, आणि त्यानंतर येशू पुष्कळांना दिसला.

आतां जमिनीचा दावा लागला म्हणजे आपण काय करतों? सर्वांत जुना कागद कोणता, तो कोणाच्या हातचा, लिहिणारा जागेवर हजर होता काय, मागाहून कोणीं ओळ घुसडली आहे काय, हें पाहतों. तलाठ्याच्या फेरफारानें पोळलेल्या लोकांना हें शिकवावें लागत नाहीं. तोच हिशेब येथें करूं.

यांतला सर्वांत जुना कागद म्हणजे पौलानें करिंथ शहरांतल्या मंडळीला लिहिलेलें पत्र. तें इ. स. ५३ ते ५५ च्या सुमाराचें, म्हणजे घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांचें. पौल हा तंबू करणारा कारागीर. येशू हयात असतांना तो त्याच्या शिष्यांत नव्हता. उलट मागाहून त्यानें शिष्यांचा छळच केला. तो लिहितो कीं, मला जें सांगण्यांत आलें तेंच मीं तुम्हांस सांगितलें: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशीं उठविला गेला, तो पेत्राला दिसला, मग बारा जणांना, मग एका वेळीं पांचशेंहून अधिक बंधूंना, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना, आणि सर्वांच्या शेवटीं मला. पहाटे गेलेल्या बायका, देवदूत, पहारेकरी यांतलें या यादींत कांहींच नाहीं. शिवाय पौल आपलें स्वतःचें दर्शन इतरांच्याच रांगेंत बसवितो. ही गोष्ट पुढें कामाला येणार आहे.

यानंतर मार्काचें शुभवर्तमान, सुमारें इ. स. ७० चें. मग मत्तय आणि लूक, आणि शतक संपतांना योहान. मार्काच्या पुस्तकाची मौज पाहा. सिनाय डोंगराच्या मठांत चौथ्या शतकांतली कातड्यावर लिहिलेली एक प्रत एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आली. १९३३ सालीं ब्रिटिश म्यूझियमनें ती रशियाच्या सोव्हिएट सरकारकडून एक लाख पौंडांस विकत घेतली. त्या प्रतींत, आणि रोममध्यें पोपच्या ग्रंथालयांत असलेल्या तितक्याच जुन्या प्रतींत, मार्काचें पुस्तक मध्येंच तुटल्यासारखें संपतें. बायका थडग्यापासून पळाल्या आणि भीतीमुळें त्यांनीं कोणास कांहीं सांगितलें नाहीं, एवढ्यावर पूर्णविराम. येशू दिसल्याच्या पुढच्या बारा ओव्या मागाहून जोडलेल्या. हा फेरफार ख्रिस्ती धर्माच्या वैऱ्यांनीं धरला नाहीं. ख्रिस्ती पंडितांनींच तो शोधला आणि आतां छापील बायबलांतही तेथें खूण करतात. आपल्याकडे एकाद्या क्षेत्रमाहात्म्याच्या पोथीला कोणी अशी खूण करील काय, हा विचार सहज मनांत येतो.

पुढच्या पुस्तकांत गोष्ट वाढत जाते. मार्कांत थडग्यापाशीं पांढऱ्या झग्याचा एक तरुण बसला आहे. मत्तयांत भूकंप होतो, आकाशांतून देवदूत उतरतो, पहारेकरी थरथर कांपतात. लुकांत दोन पुरुष, योहानांत दोन देवदूत. मार्क आणि मत्तय शिष्यांना गालीलांत पाठवितात. लूक त्यांना यरुशलेमांतच ठेवतो. मत्तय तर सांगतो कीं, त्या वेळीं पुष्कळ मेलेले साधुपुरुष थडग्यांतून निघून शहरांत पुष्कळांना दिसले. आपल्या गांवांत मेलेले आजे-पणजे बाजारपेठेंत फिरूं लागले असते, तर तें एकाच लिहिणाऱ्याच्या ध्यानांत राहिलें असतें काय? परंतु न्यायानें बोलावयाचें तर हेंही सांगितलें पाहिजे कीं, एकाच पंचनाम्यावर दोन सख्खे भाऊ दोन तऱ्हेनें सांगतात, म्हणून घटनाच घडली नाहीं असें होत नाहीं. बायका प्रथम गेल्या आणि थडगें रिकामें होतें, हा गाभा चौघांतही आहे.

आतां या गाभ्याचा उलगडा कसा करावयाचा? निसर्गाच्या नियमांत राहून जे उलगडे लोकांनीं दिले, त्यांतला सर्वांत जुना म्हणजे चोरीचा. तो खुद्द मत्तयाच्या पुस्तकांतच आहे. शिष्यांनीं रात्रीं प्रेत पळविलें अशी वदंता यहुदी लोकांत आजपर्यंत चालू आहे, असें तो लिहितो. अठराव्या शतकांत हांबुर्गच्या रायमारूस नांवाच्या जर्मन पंडितानें हाच उलगडा विस्तारानें मांडला, पण जिवंतपणीं छापण्याचें धाडस त्याला झालें नाहीं. तो मेल्यावर लेसिंगनें त्याचे भाग १७७४ पासून छापले. आमच्या मतें हा उलगडा लंगडा आहे. चोर कांहीं मिळविण्यासाठीं चोरी करतो. या लोकांना काय मिळालें? पौलाला फटके आणि तुरुंग. येशूचा भाऊ याकोब याला इ. स. ६२ मध्यें दगडांनीं मारण्यांत आलें, हें यहुदी इतिहासकार जोसीफस सांगतो. आपणच रचलेल्या लबाडीपायीं एकादा मरेल. सारा गोतावळा वर्षानुवर्षें मार खाईल, हें पटत नाहीं. ती गोष्ट त्यांना खरी वाटत होती, एवढें धरूनच पुढें चाललें पाहिजे.

दुसरा उलगडा मूर्च्छेचा. येशू मेलाच नव्हता, बेशुद्ध पडला, थंड थडग्यांत शुद्धीवर आला, असें हायडलबर्गच्या प्रोफेसर पाउलूसनें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मांडलें. हें अगदींच अशक्य नाहीं. जोसीफसनें आपल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे कीं, आपल्या ओळखीचे तिघे वधस्तंभावर लटकलेले पाहून त्यानें रोमन सेनापति टायटस याच्याकडे रदबदली केली. तिघांनाही खालीं उतरविलें, वैद्य लावले. दोघे तरीही मेले, एक वांचला. आपल्या देशांत बंगालमधील भावाल येथील राजकुमाराचा खटला प्रसिद्ध आहे. १९०९ सालीं दार्जिलिंगला तो मेला म्हणून जाहीर झालें, १९२१ सालीं एक संन्यासी तोच मी म्हणून उभा राहिला, आणि १९४६ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें शेवटचा निकाल त्याच्या बाजूनें ठेवला. मिर्झा गुलाम अहमद कादियानी यांनीं तर येशू वांचून काश्मीरास आला आणि श्रीनगरच्या खानयार मोहल्ल्यांत त्याची कबर आहे, असें प्रतिपादिलें. त्यांचे अनुयायी आजही तें मानतात. इतर मुसलमान बांधवांचें मत याहून निराळें. कुराणांत येशूला मारलें नाहीं व सुळीं दिलें नाहीं, लोकांना तसा भास झाला, असें सांगितलें आहे, आणि अल्लानें त्याला वर उचलून घेतलें अशी बहुतेकांची श्रद्धा आहे.

मूर्च्छेच्या उलगड्याला खरा मार दिला तो डाविड स्ट्राउस यानें, आणि हा स्ट्राउस स्वतः चमत्कार न मानणारा. त्याचें म्हणणें साधें आहे: टाचा-मनगटें फाटलेला, रक्त गेलेला, मलमपट्टी मागणारा माणूस लंगडत दारांत आला असता, तर शिष्यांना त्याची कींव आली असती, यानें मरणाला जिंकलें अशी ललकारी त्यांनीं मारली नसती. या स्ट्राउसची हकीकत शेतकऱ्यांनीं ऐकण्यासारखी आहे. १८३५ सालीं त्याचें येशूचरित्र निघालें आणि त्याची शिक्षकाची जागा गेली. १८३९ सालीं स्वित्झर्लंडांतल्या झुरिच सरकारनें त्याला प्रोफेसर नेमलें. खेड्यापाड्यांतून एवढा गहजब झाला कीं, रुजू होण्याआधींच त्याला पेन्शन देऊन मोकळें केलें. तरी लोक थंड झाले नाहींत. त्याच वर्षीं सप्टेंबरांत एका पाद्र्याच्या पुढारपणाखालीं शेतकरी हत्यारें घेऊन झुरिचवर चालून गेले, माणसें मेलीं आणि सरकार कोसळलें. त्या सरकारनें शाळा काढल्या, रस्ते केले, पण खेडुताला विश्वासांत घेतलें नाहीं, पाद्र्यानें घेतलें. शहरांतल्या सुधारकांनीं हें ध्यानांत ठेवावें.

बायका चुकून दुसऱ्याच थडग्याशीं गेल्या, असाही एक उलगडा कर्सप लेक यानें १९०७ सालीं मांडला. त्यावर वेळ घालविण्याचें कारण नाहीं. बायका चुकल्या तर पुरुषांनीं नीट जाऊन पाहिलें असतें.

राहतो तो दर्शनाचा उलगडा, आणि आम्हांस तोच सर्वांत जोरदार वाटतो. प्रिय माणूस गेल्यावर तें दिसतें, त्याचा आवाज येतो, हें आपल्या घराघरांत घडतें. सासू गेल्यावर ओसरीवर तिची काठी वाजते. नवरा गेल्यावर पहाटे गोठ्यांत त्याची चाहूल लागते. बायका हें एकमेकींना कुजबुजून सांगतात, कारण उघड बोललें तर लोक वेड्यांत काढतात. वेल्समधील डॉक्टर रीस यांनीं आपल्या भागांतील २९३ विधवा-विधुरांना हें विचारलें आणि १९७१ सालीं तें प्रसिद्ध केलें. जवळजवळ निम्म्यांनीं सांगितलें कीं, गेलेलें माणूस आपल्याला जवळ जाणवलें, दिसलें किंवा ऐकूं आलें. शंभरांत चौदांनीं तर डोळ्यांनीं पाहिलें. बहुतेकांनीं तें पूर्वीं कोणालाही सांगितलें नव्हतें. हे लोक वेडे नव्हते, लबाडही नव्हते. आतां पेत्राचा विचार करा. ज्या गुरूसाठीं जाळीं सोडलीं, त्यालाच धरलें तेव्हां "मी त्याला ओळखत नाहीं" असें तीनदां म्हणाला. असा माणूस त्या दुःखांत आणि पस्ताव्यांत काय पाहील? आणि पौलाची यादी आठवा. पौलाला जें दिसलें तें प्रकाश आणि वाणी या रूपाचें होतें, असें प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकांत आहे. तोच जर आपलें दर्शन इतरांच्या रांगेंत बसवितो, तर इतरांचींही दर्शनें त्याच जातीचीं असावींत, असा तर्क बांधतां येतो.

यावर ख्रिस्ती पंडित विचारतात कीं, एकट्याला भास होईल, पांचशें जणांना एका वेळीं कसा होईल? प्रश्न रास्त आहे. पण त्या पांचशेंतल्या एकाचेंही नांव, गांव, दिवस पौलानें दिलेला नाहीं, आणि शुभवर्तमानांतही असा मेळा नाहीं. जमावाविषयीं आपला स्वतःचा अनुभव ताजा आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं गणपति दूध पितो अशी आवई दिल्लीकडून उठली आणि एका दिवसांत देशभर देवळांपुढें रांगा लागल्या. लाखो शहाण्यासुरत्या माणसांनीं चमचा लावून डोळ्यांनीं पाहिलें. शास्त्रज्ञांनीं दुधांत रंग घातला, तेव्हां तें मूर्तीवरून पातळ ओघळानें खालीं उतरतांना दिसलें. पाहणारे खोटें बोलत नव्हते. त्यांनीं पाहिलें तें खरें, त्याचा अर्थ चुकला.

आतां दुसऱ्या बाजूचें बळ किती तें मोकळ्या मनानें मोजूं. दर्शनाच्या उलगड्यानें रिकामें थडगें उलगडत नाहीं. त्यासाठीं निराळें कारण शोधावें लागतें. कांहीं जण म्हणतात, वधस्तंभावरच्या प्रेतांना थडगेंच मिळत नसे, म्हणून तो भाग रचलेला. परंतु १९६८ सालीं यरुशलेमजवळ एका कौटुंबिक थडग्यांत अस्थींची पेटी सांपडली, तींत टाचेच्या हाडांत खिळा तसाच अडकलेला होता. म्हणजे वधस्तंभावर मेलेल्या निदान एका माणसाला तरी त्याच्या घरच्यांनीं रीतसर माती दिली होती. दुसरें असें कीं, पेत्राचा पस्तावा समजतो. छळ करणाऱ्या पौलाला काय झालें? हयातींत येशूला न मानणारा भाऊ याकोब मंडळीचा पुढारी कसा बनला? हे प्रश्न पोकळ नाहींत. पिंखास लापिडे हा कट्टर यहुदी पंडित. त्यानें १९७७ सालीं पुस्तक लिहून सांगितलें कीं, देवानें येशूला खरोखर उठविलें असें मला पुराव्यावरून वाटतें. आणि तरीही तो मरेपर्यंत यहुदीच राहिला.

तरी शेवटीं काटा कोणत्या बाजूला झुकतो? स्कॉटलंडचा तत्त्ववेत्ता डेव्हिड ह्यूम यानें १७४८ सालीं एक कसोटी दिली. कोणी म्हणाला मेलेला उठला, तर मनाशीं विचारावें कीं, मेलेला उठणें अधिक नवलाचें, कीं सांगणारा चुकला किंवा फसला हें अधिक नवलाचें? जें कमी नवलाचें तें धरावें. आपल्या आजवरच्या साऱ्या पिढ्यांनीं मसणवट्यांत जेवढीं माणसें पोंचविलीं, त्यांतलें एकही परत आलें नाहीं. आणि चुकलेला, फसलेला साक्षीदार दर बाजाराला भेटतो. म्हणून आमचा कौल नैसर्गिक उलगड्याकडे आहे. हा कौल आहे, सिद्धान्त नव्हे. देव आहे आणि तो हवें तेव्हां नियम बाजूस सारतो, असें ज्यानें आधींच मानलें, त्याच्या तराजूची दांडी निराळी असते. त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

मूर्ख म्हणण्याचा हा विषय आला म्हणून एक जुनी गोष्ट सांगतों, कारण ती आपल्या वर्मीं लागणारी आहे. इ. स. १७८ च्या सुमारास केल्सस नांवाच्या ग्रीक विद्वानानें ख्रिस्ती मतावर पुस्तक लिहिलें. तें आज उरलेलें नाहीं, पण ओरिगेननें त्याला जें उत्तर दिलें, त्यांत त्याचा बराच भाग जसाचा तसा आला आहे. केल्सस विचारतो, हा उठलेला माणूस पाहिला कोणीं? भ्रमिष्ट बाईनें आणि तिच्यासारख्याच कोणीं. हा धर्म सांगतात कोण? लोकर पिंजणारे, जोडे शिवणारे, कपडे धुणारे, अडाणी गांवढळ. बंधूंनो, या यादींत कोण बसलें आहे? धनगर, चांभार, परीट आणि आपण कुणबी! केल्ससच्या कांहीं शंका आमच्याही आहेत. परंतु साक्षीदार चांभार आहे म्हणून साक्ष खोटी, हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं. तोच युक्तिवाद आपल्याकडे शतकानुशतकें चालला. शूद्राचें आणि बाईचें ज्ञान तें ज्ञानच नव्हे, असें पोथ्यांनीं ठरविलें. लुकाच्या पुस्तकांतही बायकांनीं सांगितलेलें शिष्यांना प्रथम बाष्कळ बडबड वाटली. बाईची साक्ष हलकी मानणाऱ्या त्या काळीं चौघाही लेखकांनीं बायकांनाच पुढें ठेवलें; यावरून तेवढा भाग तरी मुद्दाम रचलेला नसावा, असें पुष्कळ पंडितांना वाटतें, आणि आम्हांस तें पटतें.

उलट बाजूची दांडगाईही विसरूं नये. इंग्लंडांत टॉमस वूल्स्टन यानें येशूचे चमत्कार अक्षरशः घेऊं नयेत असें लिहिलें, म्हणून १७२९ सालीं त्याला एक वर्षाची कैद आणि शंभर पौंड दंड झाला. त्याच साली शेरलॉक नांवाच्या बिशपनें पुनरुत्थानाच्या साक्षीदारांचा कल्पित खटला लिहून त्यांना पंचांकडून निर्दोष सोडविलें. पुस्तक चतुर आहे, पण प्रतिपक्षाचा माणूस तुरुंगांत असतांना जिंकलेला खटला तो.

आतां कबूल केल्याप्रमाणें तेंच माप घरीं आणूं. ज्या जिल्ह्यांत अमेरिकन मिशन आलें, त्याच जिल्ह्यांत नेवासें आहे. तेथें ज्ञानेश्वरांनीं सच्चिदानंदबाबाला मरणांतून उठविल्याची आख्यायिका घरोघर सांगतात. गुरुचरित्रांत गाणगापुरास मेलेला ब्राह्मण पति उठतो. येथें सर्वांत जुना कागद कोणता? घटनेनंतर किती वर्षांनीं लिहिला? पौलाच्या पत्राइतका, वीस-पंचवीस वर्षांतला, आहे काय? ख्रिस्ती शेजाऱ्याला हे प्रश्न विचारणाऱ्यानें ते येथेंही विचारले पाहिजेत.

आणि तुकोबा. १६५० च्या सुमारास तुकोबा सदेह वैकुंठास गेले असें वारकरी मानतात. या कथेंतही देह सांपडत नाहीं, हें साम्य ध्यानांत घ्या. आपल्या चळवळींतील कित्येकांनीं पूर्वींपासून सांगितलें आहे कीं, वैकुंठ हें पांघरूण आहे, तुकोबांचा घात झाला. त्यांच्या वह्या पाण्यांत बुडवावयास लावणारे वैरी होते, हें खरें. त्यामुळें संशयाला जागा आहे. परंतु घाताचाही त्या काळचा लेखी पुरावा कोणीं पुढें आणलेला नाहीं. वैकुंठाला जो पुरावा मागावयाचा, तोच घातालाही मागावयाचा. आपल्या बाजूचा म्हणून त्याला लहान पायली लावतां येणार नाहीं.

कोणी म्हणेल, जुन्या मढ्यांचा हा हिशेब करून पोटाला काय मिळणार? दोन हजार वर्षांपूर्वींची गोष्ट मनांत धरून एकादा सण पाळतो, रविवारीं प्रार्थनेला जातो, त्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं. परंतु आज, या घटकेला, मी हात ठेवून आजार काढतों, मीं मेलेलें पोर उठविलें, असें सांगून पैसे उकळणारे सर्व धर्मांत आहेत. साप चावलेल्या पोराला दवाखान्यांत न नेतां मांत्रिकाकडे नेलें म्हणजे तें पोर जातें, आणि तें बहुधा गरीबाचेंच असतें. महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडविणें हा त्यांत गुन्हा धरला आहे. त्याच वर्षीं २० ऑगस्टला, या कायद्यासाठीं झटणारे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांना पुण्यांत गोळ्या घातल्या. पुरावा मागण्याची संवय ज्या घरांत आहे, त्या घराला हा कायदा कळतो. बाकीच्यांना तो कागदच.

जोतीरावांनीं हा विषय कसा हाताळला तेंही सांगून ठेवतों. १८४१ सालीं ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत जाऊं लागले. बायबल त्यांच्या कानावरून पुष्कळ गेलें, पण ते ख्रिस्ती झाले नाहींत. १८७३ च्या गुलामगिरींत त्यांनीं येशूला बळीराजाच्या रांगेत बसविलें. दीनदुबळ्यांचा कैवारी आणि त्यापायीं मारला गेलेला माणूस, हा त्यांच्या लेखीं येशूचा मोठेपणा होता. तो थडग्यांतून उठला कीं नाहीं यावर त्यांनीं तो टांगून ठेवला नाहीं. १८९० सालीं ते वारल्यावर पुढच्या वर्षीं सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक निघालें. त्यांत एका कुटुंबाचें चित्र आहे: बाईनें बौद्ध धर्माचें पुस्तक वाचून तो धर्म घ्यावा, नवऱ्यानें बायबल वाचून ख्रिस्ती व्हावें, मुलीनें कुराण वाचून मुसलमान व्हावें, मुलानें सार्वजनिक सत्यधर्म धरावा, आणि कोणीं कोणाचा द्वेष न करतां सर्वांनीं एका घरांत राहावें. अशा घरांत पुनरुत्थानाचा वाद रोज संध्याकाळीं निघाला असता, आणि मग सर्वांनीं एकत्र बसून भाकर खाल्ली असती.

आजच्या सभेला आपले ख्रिस्ती शेजारीही आले आहेत. आमच्या बोलण्यांत जेथें जेथें हिशेब चुकला असें त्यांना वाटत असेल, तेथें त्यांनीं आम्हांस अडवावें. पहिला प्रश्न त्यांचा.